डावी टाच

सिनेमात मी चार मिनिटं आहे.
तीनदा दारात उभी, एकदा रडताना.
माझं काम करणारी मुलगी लिस्बनची, गुणी पोर.
तिनं विचारलं होतं, तुम्ही रडायचात तेव्हा
हात कुठे ठेवायचात?
मी म्हटलं, पावाच्या पिठात.
तिला वाटलं थट्टा करतेय.

स्वयंपाकघर मात्र हुबेहूब उभारलंय.
तीच निळी फरशी, तीच कळकट शेगडी,
आणि भिंतभर सेतुबालचा नकाशा:
बंदर, मिठागरं, सार्डिनचे कारखाने,
चार टाचण्या, चार बायका,
टाचणीपासून टाचणीपर्यंत ताणलेला लाल धागा.

खरा धागा मळकट पिवळा होता.
थोरल्याच्या स्वेटरची उजवी बाही विणायची राहिली होती,
आन्सेल्मूनं लोकर उचलली ती उचललीच.
तो हिवाळा पोरानं एका बाहीवर काढला,
वरून कोट,
आणि शाळेत कोट काढायचा नाही अशी ताकीद.

पडद्यावर तिसरी बाई ओल्या वाळूत पालथी.
धुकं यंत्राचं आहे, पण छान आहे.
कॅमेरा तिच्या केसांवरून सावकाश सरकतो,
संगीत सुरू होतं.
श्रेयनामावलीत ती नुसती 'तिसरी'.

तिचं नाव लुसीलिया.
डब्यांच्या कारखान्यात माझ्या डाव्या हाताला बसायची,
मासळीची मुंडकी माझ्या दुप्पट वेगानं उडवायची,
बेसूर गायची, भांडायला एका पायावर तयार,
आणि माझे अकरा एस्कुडो देणं लागत होती.
हे मी दिग्दर्शकाला सांगितलं.
त्यानं वहीत लिहूनही घेतलं बिचाऱ्यानं.
पण अकरा एस्कुडोंना
संगीत कुठलं लावणार?

आन्सेल्मूच्या हाती एकच गोष्ट लागली होती.
वाळूतला ठसा; डावी टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली.
त्यानंतर चौदा वर्षं
त्यानं कुणाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं नाही.
चर्चमध्ये गुडघे टेकलेल्या माणसांमागे उभा राहायचा,
त्यांचे तळवे न्याहाळत.
देवाला वाटलं असेल, काय नम्र आहे हा!
चांभाराच्या दुकानात त्याची ठरलेली खुर्ची होती.
थोरल्याच्या लग्नात नाचणाऱ्या व्याह्यांच्या पायाशी
तो एकदम वाकला,
लोक म्हणाले, चढली.

एकदा पहाटे उठले तर
दिव्याखाली बसला होता,
स्वतःचाच बूट उलटा धरून.
मी पाहिलं.
मी पाहिलं हे त्यानं पाहिलं.
मी कॉफी ठेवली.
त्यावर आम्ही कधी बोललो नाही.
सिनेमात हे नाही,
मी सांगितलंच नाही.

शेवटी पडद्यावरचा आन्सेल्मू
समुद्राकडे बघत राहतो,
माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढतं.
खरा गेला तो इस्पितळात, नळ्या लावलेल्या,
आणि शेवटचं बोलला ते एवढंच:
दार लावलंस का?
कुठलं दार, तिथं नुसते पडदे होते.
लावलं, म्हटलं.
तेव्हापासून रात्रीत दोनदा उठते,
कडी चाचपते, परत आडवी होते.

दिवे लागतात.
माणसं उठतात, कोट चढवतात,
जेवायला कुठे जायचं यावर त्यांचं एकमत होत नाही.
मी खुर्चीतच, मान खाली.
पुढून जातात काळे, तपकिरी, पांढरे कॅनव्हासचे,
एका बाईचे लाल, बक्कल तुटलेले,
मग कुणी म्हातारा, माझ्याच वयाचा असेल,
काठी टेकत, अगदी हळू.

थोरला म्हणतो, चल ना आई, टॅक्सी आलीय.
थांब, म्हणते मी,
एवढी रांग जाऊ दे.